शब्द आहेत, वाक्य अडतं

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे रोजच्या इंग्रजीबद्दल. परीक्षेतल्या नव्हे, तर महाप्याच्या ऑफिसात, वाशीच्या मार्केटात, घोडबंदर रोडवरच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये जे लागतं, त्या इंग्रजीबद्दल.

मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधीचे आपण पाचवीपासूनचे. दहावीपर्यंत टेन्स घोटले, व्हॉइस बदलले, आणि तरी समोरचा फाडफाड बोलायला लागला की आपला घसा कोरडा. मग आपण म्हणतो, ‘माझी व्होकॅब्युलरी कमी पडते हो.’

मला हे निदानच पटत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, त्या रेल्वेनंच स्टेशन, तिकीट, सिग्नल, गार्ड असे किती शब्द आपल्याला दिले. आज ठाण्यातली कुठलीही आजी ‘नेटवर्क नाहीये, रिचार्ज संपलाय’ सहज म्हणते. पूर्वी ढाक्याला शिक्षक घडवण्याचं काम केलेले मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये नेहमी लागणाऱ्या इंग्रजी शब्दांची यादी छापली. ती सुमारे २,००० शब्दांची होती. त्यातले बरेचसे तुम्हाला आत्ता, या क्षणी येतात. फक्त ते बहुतेक नामं म्हणून येतात. क्रियापदाची वेळ आली की आपण ‘करणे’ जोडून मोकळे! कॅन्सल केलं, फॉरवर्ड कर, जरा ॲडजस्ट करा. अडतं ते तिथे. म्हणून सुटे शब्द वहीत उतरवण्यापेक्षा अख्खं वाक्य उचला आणि मोठ्यानं म्हणा.

आता यातली खरी गंमत. मराठीत आपला मान क्रियापदाच्या शेपटीत असतो. ‘पाणी दे’ आणि ‘पाणी द्या’, एवढ्यानं काम होतं. दुकानदाराला ‘कृपया’ म्हटलं तर तो आपल्याकडे वर-खाली बघेल. इंग्रजीत ती शेपटीच नाही. त्यामुळे आपला माणूस अगदी आदरानं ‘द्या’ मनात धरून ‘गिव्ह मी द फाइल’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला तो हुकूम वाटतो. बोलणारा बिचारा सज्जन! इंग्रजीत सभ्यपणा वाक्याच्या सुरुवातीला येतो, तोही बहुधा प्रश्नाच्या रूपात. ‘कुड यू सेंड मी द फाइल, प्लीज?’ ‘कॅन आय हॅव अ ग्लास ऑफ वॉटर?’ ‘वुड इट बी ओके इफ आय लेफ्ट अर्ली टुडे?’ ही तीन सुरुवात करणारी वाक्यं जिभेवर बसली, की पुढचा शब्द बदलत राहायचा, बस. माझ्या मते ऑफिसातलं निम्मं इंग्रजी एवढ्यावर निभावतं. नकारही असाच. थेट ‘नो, नॉट पॉसिबल’ तोडून टाकण्यापेक्षा ‘आय ॲम अफ्रेड आय कान्ट, बट…’ म्हणायचं. इथे अफ्रेडचा भीतीशी काही संबंध नाही.

एक फसवं वाक्य सांगतो. कुणी विचारलं, ‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’ तर बसू द्यायचं असल्यास उत्तर ‘नो’ असतं. ‘नॉट ॲट ऑल’ म्हटलं तर आणखी बरं. ‘येस’ म्हणजे माझी हरकत आहे. आपल्या लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी असं कुणी विचारत नाही, ‘सरका जरा’ पुरतं, ते सोडा.

मार्केटातल्या मंडळींसाठी आकडे फार महत्त्वाचे. फोनवर फिफ्टीन आणि फिफ्टी यात घोटाळा झाला तर भावच बदलतो. फिफ्टीनमध्ये ‘टीन’ लांब आणि ठासून, फिफ्टीमध्ये जोर सुरुवातीला आणि ‘टी’ आखूड. तरीही खात्री म्हणून लगेच ‘वन फाइव्ह’ किंवा ‘फाइव्ह झिरो’ असं फोडून सांगा. त्यात कमीपणा अजिबात नाही.

पाठांतराचं काय? हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं, की शिकलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून रविवारी तीन तास बसून काही साधत नाही, थोड्या थोड्या दिवसांनी परत आठवावं लागतं. ठाण्याहून वाशीची गाडी यासाठी बरी. आजचं नवं वाक्य दिघा गावापर्यंत. ऐरोलीला कालचं, रबाळ्याला तीन दिवसांपूर्वीचं, घणसोलीला गेल्या आठवड्यातलं. वहीत बघायचं नाही, आधी आठवायचं. पनवेल गाडी मिळाली तरी तुर्भ्यापर्यंत स्टेशनं तीच. शिवाय डब्यातली घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशी तिन्ही भाषांत होते. एवढी फुकटची शिकवणी कोण देतं?

आणि समोरचं बोलणं कळलंच नाही तर? नुसतं ‘येस, येस’ करत मान हलवू नका, त्यातून भलतंच काम गळ्यात पडतं. ‘सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट’ म्हणा. ‘कुड यू से दॅट अ बिट स्लोअर?’ म्हणा. आणि उत्तर सुचतच नसेल तर ‘लेट मी चेक अँड कॉल यू बॅक.’ फोन ठेवा, दोन वाक्यं कागदावर जुळवा, एकदा मोठ्यानं म्हणून बघा. आणि मग फोन मात्र खरंच करा बरं का!

नमस्कार.