डबस्टेप ऐकलं कशावर?

(नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

डबस्टेप म्हणजे लंडनमध्ये जन्मलेला, बेसवर, म्हणजे खर्जाच्या आवाजावर, उभा असलेला नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रकार. ते संगीत आहे की नुसता गोंगाट, हा वाद जुना आहे. मला त्याहून जास्त रस आहे तो घरातल्या भांडणात. ज्यांना डबस्टेप जिवापाड आवडतं, तीच मंडळी एकमेकांवर सगळ्यात जास्त तुटून पडतात. एक म्हणतो, २०१० नंतर जे आलं ते डबस्टेपच नव्हे. दुसरा म्हणतो, त्याआधीचं ऐकलं की झोप येते. माझ्याकडे साऊंडचं काम शिकायला येणारी आपली नागपूरची पोरंसुद्धा यावरून हमरीतुमरीवर येतात. मला दोघांचंही खरं वाटतं, कारण दोघांनी ऐकलेली वस्तूच वेगळी आहे. ती वेगळी का झाली, हे मला आज सांगायचं आहे. त्यात आवडीनिवडीचा वाटा आहे, पण स्पीकरचा वाटा फार मोठा आहे.

सुरुवात दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनपासून करतो. तिथे सरी स्ट्रीट नावाच्या बाजारात ‘बिग ॲपल रेकॉर्ड्स’ हे दुकान होतं. हॅचा नावाचा डीजे तिथे काउंटरवर असायचा आणि स्क्रीम, बेंगा ही तेव्हा शाळकरी वयाची पोरं तिथे पडीक असायची. यूके गराज नावाचं नाचाचं संगीत तेव्हा जोरात होतं. या पोरांनी त्यातलं गाणं कमी केलं, चमक काढली आणि खालचा बेस पुढे आणला. ही युक्ती जमैकाची. किंग्स्टनमध्ये रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणारे किंग टबी १९७०च्या दशकात तयार गाण्यातून गायकाचा आवाज काढून घ्यायचे आणि बेस, ड्रम व प्रतिध्वनी यांवर नवी रचना उभी करायचे. तेच डब. कॅरिबियन बेटांवरून इंग्लंडला गेलेल्या लोकांनी भलेमोठे साऊंड सिस्टिम उभारण्याची परंपरा सोबत नेली होती. क्रॉयडनची पोरं त्याच शेजारात वाढली.

लयीचं थोडं बोलतो, कारण ‘हे संथ आहे की वेगवान’ यावरही मतभेद आहेत. डबस्टेपची गती मिनिटाला साधारण १४० मात्रा. पण स्नेअरचा, म्हणजे करकरीत वाजणाऱ्या ड्रमचा, ठोका चार मात्रांत एकदाच, तिसऱ्या मात्रेवर पडतो. त्यामुळे अंगाला ती ७० वाटते आणि वर झांजेचे बारीक तुकडे १४०च्याच हिशेबाने धावत असतात. ज्यांनी विलंबित ख्यालाबरोबर भरीचा ठेका ऐकला आहे, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. दोन लयी एकाच वेळी चालू असतात, कोणती धरायची ते ऐकणाऱ्याने ठरवायचं. ज्याला झोप येते त्याने फक्त खालची धरलेली असते.

आता ‘वॉबल’, म्हणजे तो हेलकावे खाणारा बेस. सिंथेसायझरमधला फिल्टर ठरावीक गतीने उघड-बंद करत ठेवला की तोच स्वर कधी बुजतो, कधी मोकळा होतो. डग्ग्यावर मनगट दाबत पुढे सरकवलं की जी घुमारेदार मींड निघते, ती आठवा. तिथे स्वर चढतो आणि इथे स्वराचा रंग बदलतो, हा फरक मोठा आहे, पण बेसलाही बोलता येतं ही जाणीव दोन्हीकडे आहे.

(इथे एकच ध्वनिमुद्रण आधी मोबाइलवर आणि मग सभागृहातल्या सबवूफरवर ऐकवण्यात आलं.)

आत्ता ऐकलंत ते डिजिटल मिस्टिक्झ या लंडनच्या जोडीचं ‘अँटी वॉर डब’, २००६ सालचं. मोबाइलवर काय आलं? ठोके आले, माणसाचा आवाज आला, आणि मधे रिकामी जागा. समोरच्या ताईंनी विचारलं, ‘सुरू झालं का?’ प्रश्न अगदी बरोबर होता. रचनेचा पाया ४०-५० हर्ट्‌झच्या आसपास असतो. ५० हर्ट्‌झची एक ध्वनिलहर जवळपास सात मीटर लांब. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरला एवढी हवा हलवणं शक्यच नाही. मग मोठ्या सेटवर लावलं तेव्हा तुमच्यातल्या काहींनी छातीवर हात ठेवला. निम्म्याहून जास्त संगीत मघाशी तुमच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं.

म्हणून त्या पहिल्या पिढीचा हट्ट समजून घेतला पाहिजे. मार्च २००५ मध्ये माला, कोकी (हे दोघे म्हणजेच डिजिटल मिस्टिक्झ) आणि लोफा या डीजेंनी दक्षिण लंडनमधल्या ब्रिक्स्टनमध्ये, सेंट मॅथ्यूज चर्चच्या इमारतीत, ‘डीएमझेड’च्या रात्री सुरू केल्या. बेसच्या वजनावर ध्यान लावा, असं त्यांचं आवाहन होतं. अनेक रचना आधी फक्त डबप्लेटवर, म्हणजे थोड्याच वेळा वाजून झिजणाऱ्या तबकडीवर असायच्या. ऐकायचं तर तिथे जाऊन अंधारात उभं राहायचं. जानेवारी २००६ मध्ये निवेदिका मेरी ॲन हॉब्स यांनी बीबीसी रेडिओ वनवर या मंडळींचा खास कार्यक्रम केला आणि हे संगीत जगभर पोहोचलं. पोहोचलं ते रेडिओ आणि लॅपटॉपमधून. वादाचं मूळ मला इथे दिसतं.

लॅपटॉपवर ऐकणाऱ्या पोराला हलवायचं तर बेस वर, मधल्या पट्टीत आणावा लागतो. तिथे तो गुरगुरतो, किंचाळतो, फाटतो. कास्पा आणि रस्को या डीजेंनी २००७ पासून त्या दिशेला जोर लावला. ऑक्टोबर २०१० मध्ये स्क्रिलेक्स या अमेरिकन संगीतकाराचं ‘स्केरी मॉन्स्टर्स अँड नाइस स्प्राइट्स’ आलं आणि २०१२ मध्ये स्क्रिलेक्सला तीन ग्रॅमी मिळाले. जुन्या लोकांनी या शैलीला हिणवून ‘ब्रोस्टेप’ म्हटलं. ब्रिटिश गायक-संगीतकार जेम्स ब्लेकने २०११ मध्ये मुलाखतीत तक्रार केली की यात पुरुषी मस्ती शिरली आहे, कोणाचा बेस जास्त घाणेरडा याची स्पर्धा लागली आहे आणि बायकांना ते रुचणार नाही. मला ही तक्रार गंभीर वाटते. नाचाच्या जागेत कोणाला सुरक्षित वाटतं, हा संगीताचाच प्रश्न आहे.

पण स्क्रिलेक्सला ‘कारागिरी नाही’ म्हणणं मला मान्य नाही. तो आधी रॉक बँडमध्ये गायचा, आणि गिटारच्या विकृत आवाजाची जाण त्याने सिंथेसायझरमध्ये नेली. एका मात्रेत चार-पाच वेगळे पोत रचून प्रत्येक स्पष्ट ऐकू येईल असं मिक्स करून पाहा, म्हणजे कळेल. माझी स्वतःची ओढ मालाकडे आहे आणि राहील. तरी ज्या मुलाकडे फक्त मोबाइल होता, त्याच्या दारापर्यंत स्क्रिलेक्सच गेला. आपल्याकडे न्यूक्लिया या संगीतकाराने, म्हणजे उदयन सागर यांनी, २०१५च्या ‘बास रानी’ या अल्बममध्ये याच धारेला आपल्या रस्त्यावरच्या ठेक्यांशी जोडलं. त्याला नक्कल म्हणणाऱ्यांनी एखादी मिरवणूक नीट ऐकावी.

मिरवणुकीचा विषय निघालाच आहे, आणि गणपतीत आवाज मोजायचं मीटर घेऊन उभं राहिलेला माणूस म्हणून बोलतो. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, ही २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा. ती ज्या ‘ए’ मापनात मोजतात, त्यात ५० हर्ट्‌झचा आवाज सुमारे ३० डेसिबलने कमी धरला जातो. म्हणून आपल्या महाल भागातल्या एखाद्या आजीच्या खिडकीची काच थरथरते आणि मीटरवर तेवढं दिसत नाही. ती आजी खोटं बोलत नाही. तिला संगीताचा शत्रू ठरवणाऱ्या बेसप्रेमींवर माझा राग आहे. आणि साऊंडवाल्या मित्रांना सांगतो, अँप्लिफायर ताकदीबाहेर ताणून टॉप, म्हणजे वरच्या पट्टीचा आवाज, फाडणं म्हणजे बेस नव्हे. नीट लावलेल्या सिस्टिमसमोर अंगात कंप असतानाही शेजाऱ्याशी बोलता येतं, कारण बोलण्याची पट्टी मोकळी ठेवलेली असते. डबस्टेपकडून आपल्या मंडळांनी काही घ्यायचं असेल तर हे घ्या. आणि स्वतः त्या पेट्यांसमोर तासन्‌तास उभे राहता, तर कानात इअरप्लग घाला. गेलेला कान परत येत नाही.

सभागृह अजून अर्धा तास आपल्याकडे आहे. दोन्ही सबवूफर चालूच ठेवतो आणि आता मालानंतर लगेच स्क्रिलेक्स लावतो. बसून ऐकू नका, हॉलभर फिरा. भिंतीशी आणि कोपऱ्यात बेस साचतो, मधे काही ठिकाणी तो जवळजवळ नाहीसा होतो. वयस्कर मंडळींनी आधी मधल्या रांगांत थांबावं, सोसेल तसं मागच्या भिंतीकडे जावं.