हेल्मेटचं खरं काम आतला थर्मोकोल करतो

नमस्कार मंडळी. कापूस वेचणीचे दिवस आहेत. अंधार पडल्यावर यवतमाळहून गावाकडे गाडीवर निघालं की रस्त्यात काय काय आडवं येतं, ते तुम्हाला सांगायला नको. मागचा लाइट नसलेली ट्रॉली, बंडी, नाहीतर तुरीतून एकदम उडी मारून आलेला रोही. आणि आपल्या डोक्याला काय, तर दुपट्टा! उन्हासाठी तो चांगलाच आहे, पण डांबरावर आपटल्यावर तो काय करणार?

(हेल्मेट उलटं करून कॅमेऱ्याजवळ)

हे बघा. आतलं कापड बाजूला केलं की हा थर दिसतो. थर्मोकोल. नखानं जोरात दाबला की खड्डा पडतो, तो भरून येत नाही. माणूस पडला की कवटी रस्त्यावर थांबते, पण आतला मेंदू पुढे जातो आणि कवटीवर आदळतो. हा थर चेपतो, डोकं थांबायला क्षणाचा काही अंश जास्त मिळतो, आणि तेवढ्यानं धक्का कमी होतो.

1935 साली इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले ब्रिटिश लष्करी अधिकारी, मोटरसायकलवरून पडून वारले. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. त्यांनी हा विषय सोडला नाही. 1941 मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला, आणि ब्रिटिश सैन्यात निरोप पोचवणाऱ्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं. आत चेपणारा थर असलेल्या हेल्मेटचं पेटंट अमेरिकेत 1953 मध्ये मिळालं.

म्हणूनच रस्त्याकडेला मिळणारी ती प्लॅस्टिकची टोपी घेऊ नका. आत नुसता स्पंज असतो. तो पोलिसापासून वाचवेल, रस्त्यापासून नाही. आयएसआय शिक्का आणि त्याच्या वर आयएस 4151, म्हणजे हेल्मेटच्या भारतीय मानकाचा नंबर, बघून घ्या. 1 जून 2021 पासून शिक्क्याशिवायचं हेल्मेट विकताच येत नाही. आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट, वरून कितीही चकचकीत असो, बदलाच.

मे महिन्यात डोकं उकडतं, हे खरंच आहे. आत पातळ सुती रुमाल बांधा. जाड दुपट्ट्यावर हेल्मेट घातलं की ते सैल बसतं. पट्टा लावून मागून वर ढकलून बघा; निघून आलं, तर पडल्यावरही निघणारच.

आणि पोरांचं बोला ना! बाजाराच्या दिवशी बाप हेल्मेटमध्ये आणि पोरगं टाकीवर उघड्या डोक्यानं, हे पाहून माझा जीव खालीवर होतो. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला कायद्यानं हेल्मेट लागतं. मोठ्या माणसाचं हेल्मेट लेकराच्या डोक्यावर गरगर फिरतं, त्यामुळे पोराला सोबत घेऊनच दुकानात जा आणि त्याच्या मापाचं घ्या.