चिंबोरी आणि चिपळूण–सातारा एसटी

नमस्कार श्रोतेहो. मृगाचा पाऊस झाला की पाटणकडची पोरं रात्री बॅटऱ्या घेऊन ओढ्याला खेकडे धरायला जातात, हे तुम्हाला सांगायला नको. आज बोलायचंय खाडीतल्या मोठ्या खेकड्याबद्दल, चिंबोरीबद्दल.

तशी ती आपल्याला परकी नाही. आपल्या कोयनेचं पाणी डोंगरापलीकडे वीज करून वाशिष्ठीला मिळतं आणि वाशिष्ठी दाभोळच्या खाडीला. तिथं गोडं-खारं पाणी एक होतं, काठाला खारफुटी, खाली काळा चिखल. त्यात बिळं करून चिंबोऱ्या राहतात. खारफुटी, चिखल आणि भरती-ओहोटी, एवढं ध्यानात ठेवा. मादी अंडी सोडायला समुद्रात जाते, पिल्लं वाढायला पुन्हा खाडीत येतात. पुरी वाढलेली चिंबोरी किलोच्या वर भरते.

आमच्या मामांनी चिपळूणच्या बाजारातून अशा चिंबोऱ्या घेतल्या आणि गोणपाटाच्या पिशवीत घालून साताऱ्याची एसटी धरली. (लाल एसटीच बरी. त्या बंद काचांच्या गाडीत मासळी घेऊन कोण बसू देईल?) कोळणीनं नांग्या सुतळीनं आवळून दिल्या होत्या. मामांना दया आली, एकीची सुतळी त्यांनी सैल केली. कुंभार्ली घाटाच्या तिसऱ्या वळणावर ती सीटखालून चालत निघाली. बाया सीटवर चढल्या, कंडक्टर त्यांच्याही वर. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली.

तेवढ्यात लेकीकडून परत निघालेली हेळवाकची एक आजी उठली. "सरका की! ह्यो आमच्या वढ्यातलाच हाय, नुसता माजलाय." पाठीवर चप्पल दाबली, मागच्या बाजूनं दोन बोटांत कवच धरलं आणि उचलला. नांगी हवेत कटाकट वाजतेय, आजी निवांत. कंडक्टर म्हणाला, "मामा, ह्याचं अर्धं तिकीट काढा." आजी म्हणाली, "तिकीट कशाला? हेळवाकला माझ्यासंगं उतरतंय ते." आणि उतरलंही! मामा काय बोलणार?

तर श्रोतेहो, घेताना जिवंतच घ्या आणि हाताला जड लागेल तीच घ्या. पुन्हा सांगतो, जड. नुकतीच कात टाकलेली हलकी असते, आत पाणीच निघतं. पोटाखालची झाप अरुंद तो नर, रुंद-गोल ती मादी. झापेखाली अंड्यांचा पुंजका असेल तर ती घेऊच नका.

नारळाच्या दुधातलं गोडसर कालवण मला पटत नाही. आपला कांदा-लसूण मसालाच हवा. नांग्यांना वरवंट्याचा हलका ठोका पुरतो. चुरा केलात तर कवचाच्या कपच्या रश्श्यात दाताखाली येतात.