तू मला खेळवतेस

(परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

मला ‘मुलांचा वेळ’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. तयारीही झाली होती. पण मे महिन्यात पुण्याला आईकडे गेले, तिथे माझा नऊ वर्षांचा मुलगा एक वाक्य बोलला आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

सदाशिव पेठेतली दुपार. उन्हात जायचं नाही, हा हुकूम आपल्या लहानपणीसारखाच अजून कायम आहे. चटईवर आजी, मामा, माझा मुलगा आणि मी. बदाम सात, ओळीने पानं लावत जायचा पत्त्यांचा डाव. मुलाच्या हातात किलवरच्या नव्वीपासून राजापर्यंत सगळी पानं अडकलेली, आणि अठ्ठी आजीकडे. ती इस्पिक लावतेय, चौकट लावतेय, अठ्ठी काही सोडत नाही. पोरगा लालबुंद झाला, डोळे भरून आले. मी म्हणाले, “आई, लहान आहे गं तो, सोड ना.” तर तो माझ्यावरच उसळला. “तू मधे नको बोलूस. आजी माझ्याशी खेळते. तू खेळत नाहीस, तू मला खेळवतेस.”

आणि डाव हरल्यावर आजीला म्हणाला, “पिस परत.”

मंडळी, तो खरं बोलत होता. सापशिडीत मी त्याच्याऐवजी घड्याळाकडे बघते. पत्त्यांत मुद्दाम चुकीचं पान टाकते, कारण तो जिंकला की खेळ लवकर संपतो आणि रडारड होत नाही. मला वाटायचं, याला काय कळतंय. त्याला सगळं कळत होतं.

परत आल्यावर मी कपाट उघडून बसले. आम्ही घेतलेला प्रत्येक खेळ खोक्यावरचं वय बघून घेतला होता. त्याला आवडेल का, एवढंच पाहिलं. मला आवडेल का, हे कधी पाहिलंच नाही. सापशिडीत फासा पडेल तसं जायचं, ठरवायचं काहीच नसतं. लहानग्याला त्यात गंमत आहे, पण मोठं माणूस दहाव्या मिनिटाला कंटाळतं, आणि तो कंटाळा मुलाला दिसतो. ‘व्यापार’ या खेळात एकाचं दिवाळं निघतं आणि मग तो तासभर बाकीच्यांचं तोंड बघत बसतो. बहुतेक वेळा तो धाकटाच असतो.

याउलट उनो हा पत्त्यांचा खेळ बघा. १९७१ साली ओहायोमधल्या मर्ल रॉबिन्स नावाच्या न्हाव्याचं आपल्या मुलाशी पत्त्यांच्या एका खेळाच्या नियमांवरून वाजलं, त्यातून उनो निघाला. म्हणजे तो बाप मनापासून भांडत होता. खेळत होता! मला ही गोष्ट फार आवडते.

आपल्या जुन्या पचिशीच्या पटात तर याहून मोठी सोय होती. चार जण, समोरासमोरचे दोघे भिडू. आजोबा आणि नातू एका बाजूला, तर कुणाला कुणासाठी हरावं लागत नाही. कुठली सोंगटी पुढे काढायची यावर दोघांची नजरानजर चालते. हाच पट इंग्लंडला गेला, १८९६ साली लुडो म्हणून त्याचं पेटंट घेतलं गेलं. कवड्यांच्या जागी फासा आला आणि डाव सोपा झाला. पत्त्यांच्या मेंढीकोटातही तेच, भिडू समोर.

आणि बळात फरक असेल तर तो उघड मिटवा. आमच्याकडे आता बुद्धिबळाला बाबा आधीच स्वतःचा वजीर काढून ठेवतो आणि मग जीव तोडून खेळतो. कॅरमला मी डावा हात लावते. मुलाला याचं काही वाटत नाही. त्याला राग येतो तो चोरून हरण्याचा. पत्ते पालथे ठेवून जोड्या लावायच्या खेळात मात्र मला काही सोडावं लागत नाही, तो मला सरळ हरवतो.

आता थोडं आपल्याबद्दल, रागावू नका. गणपतीत जेवणं झाली की आपण मुलांना बेसमेंटमध्ये सिनेमा लावून देतो आणि वर आपला मेंढीकोट रात्री दोनपर्यंत. गेल्या वर्षी दोन मुली जिन्यावर येऊन बसल्या, टक लावून बघत होत्या. आपण म्हणालो, “जा गं खाली, हा मोठ्यांचा खेळ आहे.” मीही म्हणाले. आणि त्याच बैठकीत आपण मुलं मराठी बोलत नाहीत म्हणून हळहळत होतो. हुकूम, उतारी, भिडू, पिसणे हे शब्द जिन्यावरून कसे शिकणार त्या? माझ्या मुलाने ते दहा दिवसांत उचलले, कारण ते आल्याशिवाय आजीला हरवता येत नव्हतं.

निघताना आजीने त्याला तुळशीबागेतून चार कवड्या घेऊन दिल्या. तेव्हापासून दर रविवारी, आपली सकाळ आणि तिची संध्याकाळ, दोघं व्हिडिओ कॉलवर चल्लस-आठ हा कवड्यांचा खेळ खेळतात. तिच्याकडे पाटावर खडूने आखलेली घरं, याच्याकडे पुठ्ठ्यावर. तिच्या सोंगट्या बांगडीच्या काचा, याच्या चिंचोके. एकाने टाकलेलं दान दोघांनी आपापल्या पटावर चालवायचं.

गेल्या रविवारी आजीने याचा चिंचोका आपला समजून चालवला. एकदा नव्हे, शेवटपर्यंत. मधल्या घरात नेऊन म्हणाली, “जिंकले बघ!” याने माझ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही, आणि आपल्या पुठ्ठ्यावरही तो चिंचोका मधे सरकवला.

रात्री अंथरुणात विचारलं, “आई, मी आज आजीला खेळवलं का?”

मला उत्तर देता आलं नाही. भावाला फोन केला, तो म्हणाला, वय झालंय, होतं असं. होतही असेल.

उद्या पुन्हा रविवार आहे. त्याने पुठ्ठा आजच टेबलावर काढून ठेवलाय.