आचंद्रार्क

[दृश्य: हलशी. नरसिंह मंदिराच्या भिंतीवरून सरकणारं सकाळचं ऊन.]

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून नंदगडमार्गे हलशीला आलं की वाटत नाही, ही कधीकाळी कदंब राजांची पलाशिका नगरी होती. चार-दोन दुकानं, शेणानं सारवलेली अंगणं, आणि मध्येच हे दगडी वैभव. याच गावाच्या परिसरात कदंब राजांचे ताम्रपट सापडले. भाषा संस्कृत, मजकूर जमिनीच्या दानाचा. कदंबांच्या दानपत्रांत एक श्लोक येतो. पाणी सोडून दिलेलं, तीन पिढ्यांनी उपभोगलेलं, सज्जनांनी सांभाळलेलं दान आणि आधीच्या राजांनी केलेली दानं, "एतानि न निवर्तन्ते". म्हणजे ती माघारी घेतली जात नाहीत.

कायद्याच्या आजच्या भाषेत यालाच म्हणता येईल: अनिरसनीय.

[दृश्य: कायद्याच्या मराठी पुस्तकाचं शेवटचं पान. बोट एका ओळीवर थांबतं.]

शब्द अवघड वाटतो, पण फोड सोपी आहे. बहुतेक नव्या कायद्यांच्या शेवटाला "निरसन व व्यावृत्ती" असं एक कलम असतं. निरसन म्हणजे जुना कायदा रद्द करणं. व्यावृत्ती म्हणजे जाताना त्यातलं जे वाचवून ठेवलं ते. आणि ज्याचं निरसनच करता येत नाही, तो कायदा अनिरसनीय. हा शब्द वकिलांनाही क्वचितच लागतो, कारण तसा कायदा सापडणंच मुश्कील.

जुनी दानपत्रं लिहिणाऱ्यांनी मात्र कसर ठेवली नाही. शिलालेखाच्या माथ्यावर चंद्र-सूर्य कोरायचे. अर्थ असा की हे दान आचंद्रार्क, चंद्र-सूर्य असेतोवर. खाली शाप: दिलेली जमीन जो हिरावून घेईल, तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल. मला तर या शापातच राजाची धाकधूक दिसते. उद्या गादीवर येणारा ऐकेलच, ही खात्री असती तर किडे कशाला आणले असते?

[दृश्य: खानापूर तालुक्यातलं एक घर. पत्र्याची ट्रंक. आजी लाल रुमालाची गाठ सोडतात.]

"वाचाय येतंय काय वो तुमास्नी?" आजी विचारतात. "आमच्यात आता मोडी येणारं कोण नाही."

घडीवर विरलेला कागद, इनाम जमिनीची सनद. शाई अजून काळीभोर. वाचणारा अडखळत वाचतो: "पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने"... आणि पुढं, "प्रतिवर्षी नूतन पत्राचा उजूर न करणे". दर वर्षी नवं पत्र आणा म्हणून यांना अडवू नका, असा अंमलदारांना हुकूम. एकदा दिलं ते कायमचं.

ते कायमचं किती टिकलं? १८५२ साली कंपनी सरकारनं इनामांचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनचा कायदा केला आणि दक्षिण मराठा मुलखातले इनामदार कागदांची गाठोडी घेऊन साहेबासमोर उभे राहिले. पुढं स्वातंत्र्यानंतर, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात असतानाच, १९५२चा वैयक्तिक इनामं रद्द करणारा कायदा झाला. कसणाऱ्या घराची जमीन राहिली, शेतसाऱ्याची माफी गेली. चंद्र-सूर्य आपापल्या जागी होते.

इराणच्या प्राचीन राजांबद्दलही बायबलमध्ये सांगितलंय, की त्यांचा कायदा खुद्द राजालाही बदलता येत नसे. पण मला सर्वांत प्रामाणिक वाटतो तो अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचा १७८६चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा. मसुदा थॉमस जेफरसनचा. त्यातच कबुली आहे: पुढच्या सभेला आमच्याइतकाच अधिकार असणार, तेव्हा हा कायदा अटळ आहे असं जाहीर करण्याला काही अर्थ नाही. मात्र तो रद्द केलात, तर नैसर्गिक हक्कांवर घाला घातलात असं होईल. किडा नाही, शाप नाही. नुसतं बजावून ठेवलंय.

[दृश्य: समुद्राकाठचं कासरगोड, नारळाच्या बागा.]

कधीच बदलता न येणारं काही असतं का, हा प्रश्न आपल्याकडं सुप्रीम कोर्टात आला तो जमिनीच्याच निमित्तानं, आणि दुसऱ्या एका सीमाभागातून. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७च्या अहवालात बेळगावसोबत ज्या कासरगोडची चर्चा आहे, तिथल्या एडनीर मठाचे स्वामी केशवानंद भारती केरळच्या जमीन सुधारणा कायद्याविरुद्ध कोर्टात गेले. १३ न्यायाधीश बसले. २४ एप्रिल १९७३ला ७ विरुद्ध ६ असा निकाल लागला: संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. "अनिरसनीय" या शब्दाच्या सर्वांत जवळ जाणारं आपल्याकडं असलेलं हेच. आणि तेही एका मताच्या फरकानं.

राज्याची सीमा त्या चौकटीत येत नाही. अनुच्छेद ३ प्रमाणे संसद साध्या बहुमतानं ती बदलू शकते. खानापूरकडच्या चहाच्या टपरीवर हे कलम पाठ असलेली माणसं भेटतात. कायद्यानं शक्य असलेली गोष्ट प्रत्यक्षात किती अवघड असते, हेही त्यांना पाठ आहे.

[दृश्य: पुन्हा ते घर. आजी सनदेची घडी घालतात.]

रुमालात सनदेखाली आणखी कागद आहेत. नवे, कन्नडमध्ये छापलेले.

"ह्या साऱ्याच्या पावत्या," आजी म्हणतात. "त्या बी हितंच ठेवतो बगा आमी. एका जागी असल्या म्हंजे सापडत्यात."