भिरंडीच्या सालीतला रेणू

(दृश्य: म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, सोलांचे ढीग)

पाऊस तोंडावर आला की गोव्यात घरोघरी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, घाई सुरू होते. त्यात सोलं असतातच. भिरंडीच्या, म्हणजे कोकमाच्या, या सालीत गार्सिनॉल नावाचं पिवळं द्रव्य आहे. त्याच्या एका रेणूत कार्बनचे ३८, हायड्रोजनचे ५० आणि ऑक्सिजनचे ६ अणू. आयसोगार्सिनॉलमध्येही तेवढेच! वजनावरून दोघांना वेगळं ओळखता येत नाही. फरक जोडणीत आहे: दुसऱ्यात एक दुहेरी बंध नाहीसा होऊन तिथे अणूंचं नवं कडं तयार झालेलं असतं.

(दृश्य: चुंबकाची उंच टाकी, काचेची बारीक नळी)

हे कडं दाखवतं एनएमआर, म्हणजे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन. उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियममध्ये बुडालेलं चुंबक, त्याच्या मधल्या पोकळीत विरघळवलेल्या नमुन्याची नळी. रेडिओलहरी सोडल्या की हायड्रोजनची केंद्रकं उत्तर देतात, आणि शेजारी कोण आहे त्याप्रमाणे प्रत्येकाची वारंवारता किंचित बदलते. दुहेरी बंधावरचा हायड्रोजन वेगळ्याच जागी उमटतो.

पण हे उत्तर फार क्षीण असतं. १४.१ टेस्लाच्या चुंबकातही संदेशाला हातभार लावणारी जादा केंद्रकं लाखात जेमतेम पाच. कार्बनचं तर आणखी अवघड, कारण एनएमआरला दिसणारा कार्बन-१३ निसर्गात १.१ टक्काच आहे. मोजणी चौपट केली तरी स्पष्टता दुप्पटच वाढते. म्हणून संदेश टिपणारं वेटोळंच बदललं. ते उणे २५० अंशांच्या आसपास थंड केलं, की त्याचा स्वतःचा गोंगाट कमी होतो. ते लहान केलं, की नमुन्याला अगदी बिलगून बसतं. नेहमीच्या ५ मिलिमीटरच्या नळीला अर्धा मिलिलिटर द्रावण लागतं, १.७ मिलिमीटरच्या नळीला एक थेंब पुरतो. हायड्रोजनचा आलेख मग काही मायक्रोग्रॅममध्येही मिळतो. कोणता हायड्रोजन कोणत्या कार्बनशी जोडलेला आहे, हे जुळवायला मात्र रात्रभर मोजावं लागतं.

भिरंडं मुबलक आहेत, त्यांची चिंता नाही. पण सत्तरीच्या रानात मोजकीच उरलेली एखादी वेल मुळासकट उपटून पोती भरायची, याला अभ्यास कसं म्हणायचं? एका पानावर भागत असेल, तर पानच घ्यावं.

आणि तो थेंब वाया जात नाही. साध्या द्रावणात एनएमआरला रेणू आणि त्याची आरशातली प्रतिमा यांत फरक दिसत नाही. ते तपासायला तोच थेंब पुढच्या यंत्राकडे जातो.