एकाचे दोन दिसतात तेव्हा

(दृश्य: यावल तालुक्यातलं घर. भिंतीवर कॅलेंडर.)

कॅलेंडरपासून १० फुटांवर उभं राहायचं आणि १५ तारखेकडे बघायचं. पंधरा दोन ठिकाणी दिसतात? मग तळहाताने उजवा डोळा झाका, नंतर डावा. झाकायचा फक्त, दाबायचा नाही. दाबलेला डोळा उघडल्यावर थोडा वेळ तसाही धुरकटच बघतो.

कुठलाही एक डोळा झाकल्यावर आकडा एकच दिसत असेल, तर बिघाड दोन डोळ्यांच्या जुळणीत आहे. उघड्या एका डोळ्यालाही दोनच दिसत असतील, तर बहुधा त्याच डोळ्यात: चष्म्याचा नंबर, मोतीबिंदू, नाहीतर कोरडेपणा. इथे दुसरा आकडा सावलीसारखा पहिल्याला चिकटलेला असतो. जाड कागदाला मिलिमीटरभर भोक पाडून त्यातून बघा. स्वच्छ दिसलं तर संशय नंबरवर.

मात्र नंबर निघाला म्हणून लगेच चष्मा करू नका. रक्तातली साखर वर-खाली झाली की डोळ्याचं भिंग फुगतं-उतरतं आणि नंबर सरकतो. साखर महिना-दीड महिना स्थिर राहू द्या, नाहीतर चष्म्याचे पैसे पाण्यात.

(दृश्य: आकडे शेजारी, मग वर-खाली.)

जुळणी बिघडली असेल तर पुढचा प्रश्न, आकडे शेजारी-शेजारी की एकावर एक? शेजारी, आणि लांबचं बघताना जास्त, तर बहुधा सहावी नस लुळी पडलेली असते (मेंदूतून निघणाऱ्या तिसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या नसा डोळा हलवतात). मधुमेहामुळे पडली असेल तर साधारण ३ महिन्यांत सावरते. सोबत डोकेदुखी, उलट्या असतील तर मात्र मेंदूचा स्कॅन हवाच.

जिना उतरताना वर-खाली दिसत असेल तर चौथी नस. अशा वेळी मुरलेला डॉक्टर लग्नाचा अल्बम मागतो. मान तिथेही एकाच खांद्याकडे कललेली असेल, तर दोष जन्मापासूनचा, उघडा आत्ता पडला.

सकाळी बरं आणि दिवेलागणीला पापण्या जड, हा मायस्थेनियाचा, म्हणजे स्नायू लवकर थकण्याच्या आजाराचा, ढंग. मिटलेल्या पापणीवर बर्फाची पिशवी २ मिनिटं ठेवतात. पापणी २ मिलिमीटर वर आली, तर संशय बळावतो, मग रक्ततपासणी.

(दृश्य: कपाशीचं शेत.)

शेतातलं काम डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. निंदताना धोत्र्याचा रस डोळ्यात गेला की बाहुली मोठी होते, जवळचं धुरकट दिसतं. फवारणीनंतर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, वर घाम आणि लाळ, तर ती विषबाधा. कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा, औषधाची बाटली घेऊन दवाखाना गाठा.

आणि पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे उठून म्हणतो, पोट दुखतंय, पापण्या उघडत नाहीत, एकाचे दोन दिसतात. मण्यारीचा दंश बऱ्याचदा दुखत नाही, खूणही सापडत नाही. डोळ्यांनंतर श्वास जातो. भगत, मंत्र यांत वेळ घालवू नका. सर्पदंशाची लस आणि श्वासाचं यंत्र जिथे आहे, तिथेच न्या.

एका डोळ्याची पापणी पडली, बाहुली मोठी झाली आणि डोकं असह्य दुखतंय, तरी तेवढीच घाई करा. मेंदूतली रक्तवाहिनी फुगून तिसरी नस दाबली गेलेली असू शकते.

असं काही नसेल आणि तपासणीला दोन दिवस लागणार असतील, तर एका डोळ्यावर पट्टी बांधा. दोन दिसायचं थांबतं, पण अंतराचा अंदाज जातो. तोवर ट्रॅक्टर दुसऱ्याच्या हाती.